हे जेवण कुणाचं

समाजाच्या कार्यक्रमात आमच्या ह्यांना नारळ, शाल आणि हातभर लांब हार घातला, तेव्हा मी घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवत होते. मला बोलावलं नव्हतं असं नाही. दोनदा माणूस आला. "वहिनी, जोडीने सत्कार आहे, तुमच्यासाठी पण साडी आणलीय." म्हटलं, डोकं दुखतंय. खरं तर ते कौतुक ऐकवत नव्हतं. माईकचा आवाज सुरतेतल्या उधन्याच्या आमच्या गल्लीपर्यंत येत होता ना! कुणी एक पुढारी घसा ताणून सांगत होता की हिलालभाऊंनी आयुष्यभर दुसऱ्याला दिलं, स्वतःच्या तोंडचा घास दिला, म्हणून साधे माग चालवणारे हिलालभाऊ आज पलसाण्याच्या कारखान्याचे मॅनेजर झाले. तरुणांनो, देत जा, आपोआप वर जाल! टाळ्या. मला वाटलं आता हातातल्या साडीवरच ओकारी होते.

तोंडचा घास म्हणे! कुणाच्या तोंडचा? भाकऱ्या कोण थापत होतं, हा माईकवाला? सकाळच्या पाळीचे गेले की रात्रपाळीचे यायचे, ते जेवून झोपले की तिसरेच कुणी दारात उभे. माझा तवा कधी थंड झाला नाही. पण टाळ्या हिलालला. नवऱ्याचं नाव बायकोने घेऊ नये असं आमच्यात अजून मानतात. मी घेते. हिलाल, हिलाल, हिलाल. ज्याला जे म्हणायचं ते म्हणू दे.

तरी एक सांगते, खोटं बोलणार नाही. तो आधी खरंच चांगला होता. तेच तर डोक्यात जातं. पहिल्यापासून नासका असता तर मी कधीच कानाला खडा लावून गप्प बसले असते.

आम्ही दोंडाईच्याकडचे. लग्न होऊन मी सुरतेला आले तेव्हा हिलाल एका शेठच्या कारखान्यात सहा माग सांभाळत होता. इथे मागाचं काम कुणी शाळेत शिकवत नाही. गावाकडून नवा आला की नात्यातल्या कारागिराच्या मागाजवळ उभा राहून शिकतो. त्या शिकण्यात धागे तुटतात, कापडात खोट राहते, आणि ते सगळं त्या कारागिराच्या पगारातून कापलं जातं. म्हणून कुणी परक्याला उभं करत नाही. सख्ख्या भावालासुद्धा तोंड वाकडं करूनच शिकवतात. आमचा हा मात्र कुणालाही उभं करायचा. समोरच्याला गाठ मारता येईना की आपला माग त्याच्या हातात देऊन स्वतः मागे उभा. पगार कापला की हसत घरी यायचा, आणि बरोबर तो पगार कापवणाराच जेवायला!

"धुरपदा, अजून एक पान वाढ," म्हणायचा.

"अजून एक? धर्मशाळा आहे का ही?" मी तिथेच, त्या माणसासमोर बोलायचे. तोंडाची फटकळ आहेच मी. अख्ख्या गल्लीला माहीत आहे. पण बोलता बोलता ताट वाढत असायचे आणि वाढताना हात कधी आखडला नाही. पोरंही हसायची. मामी बोलली नाही तर भाकरी गोड लागत नाही, म्हणायची.

मामी हे नाव वाल्मिकने पाडलं. वाल्मिक म्हणजे माझ्या नणंदेचा मुलगा, हिलालचा सख्खा भाचा. मिसरूड फुटायच्या आत आला आणि मामाच्या मागावर तयार झाला. हुशार, तापट, समोरच्याच्या डोळ्यात बघून बोलणारा. त्याच्या मागोमाग लोटू आला. लोटू आमच्या ना नात्याचा ना गावचा, शेजारच्या खेड्यातला. हात इतका मंद की त्याने मारलेली गाठ बोटातून सुटून यायची. दुसऱ्या कुणी त्याला दोन दिवसांत हाकलला असता. हिलालने त्याला पावसाळाभर शिकवला आणि शेवटी उभा केला. हा लोटू जेवला की स्वतःचं ताट घासून, पालथं घालून जायचा. बाकी सगळे राजे, ताटात हात धुऊन उठणारे. लोटूचं तेवढं मला फार वाटायचं.

मग चौऱ्याण्णवचा प्लेग आला. अख्खी सुरत तोंडाला रुमाल बांधून पळाली. उधन्याच्या स्टेशनात पाय ठेवायला जागा नव्हती, माणसं मुलं खिडकीतून आत फेकत होती. आमची गल्ली एका दिवसात ओस पडली. आणि नेमका लोटू तापाने फणफणला. त्याच्या बरोबर राहणारे त्याला खोलीत टाकून पळून गेले. मी हिलालला म्हटलं, चला, आपल्या पोरीला, शीतलला घेऊन निघू. तो म्हणाला, "याला टाकून?" नाही आला. लोटूच्या उशाशी बसून राहिला, कपाळावर पट्ट्या ठेवत. मी पण राहिले हो. पोरीला पदराखाली घेऊन पेज शिजवत होते. माईकवर मात्र हे कुणी सांगितलं नाही. पुढे कळलं, साधा हिवताप होता. त्या दिवसांत मी मनातल्या मनात नवऱ्याच्या पाया पडले होते. आज ते आठवलं की स्वतःचाच राग येतो.

प्लेग गेला पण माणसं परत येईनात. शेठचे माग गप्प पडलेले. सुरतेत गप्प पडलेला माग म्हणजे शेठच्या घरात सुतकच. त्याने दलाल पाठवले, जास्त पैशाचं बोलला, कुणी हलेना. तेव्हा हिलाल उठला, आमच्या खानदेशात गावोगाव फिरला, एकेकाच्या ओट्यावर जाऊन बसला. हिलालभाऊ म्हणतो ना, मग चला, असं म्हणत माणसं आली. त्यांच्या मागोमाग त्यांचे मेव्हणे आले, साडू आले. गल्ली भरली. शेठने हिलालला पहिल्यांदा ऑफिसात बोलावून खुर्चीत बसवलं. चहा पाजला. म्हणाला, "हिलाल, लोक बँकेत पैसा ठेवतात, तू माणसं ठेवलीस." आणि त्याला मुकादम केला.

त्या संध्याकाळी घरी आला तो वेगळाच. पटापट जेवला. नंतर तेच वाक्य मला दोनदा सांगितलं. मी म्हटलं, चांगलं झालं, देवाने तुमचं केलेलं बघितलं. खरंच तसं वाटलं मला. बाजारातून साखर आणून गल्लीत वाटली.

शेठने त्याला त्याच्या चांगुलपणाची किंमत सांगितली, आणि तिथून त्याचा चांगुलपणा आंबायला लागला.

आधी कपडे बदलले. सफारी आला, अत्तर आलं. त्या अत्तराच्या वासाने मला भाजी परतताना मळमळायचं. मग बोलणं बदललं. दारात नवा माणूस आला की पूर्वी एकच विचारायचा, जेवलास का. आता आधी विचारायचा, रात्रपाळी चालेल का, घरी कोण कोण आहे, दिवाळीला गावी गेलाच पाहिजे असं काही आहे का. पोरगा पाण्याचा तांब्या हातात धरून उत्तरं द्यायचा. पसंत पडला की मग मला हाक, "धुरपदा, पान वाढ!" गुरांच्या बाजारात दात बघतात तसं चाललेलं. आणि वाढायला मी!

एकदा लक्ष्मणदादा आले. हे हिलालचे जुने जोडीदार, एकाच मागावर एकाची दिवसपाळी, एकाची रात्रपाळी, अशी वर्षं काढलेली. त्यांना खोकला लागला होता, कामावरून काढलं होतं. हिलाल दारातच उभा राहून म्हणाला, "दादा, आज घरी पाहुणे आहेत." घरात कुत्रंसुद्धा नव्हतं. दादा बरं म्हणून गेले. मी विचारलं, असं का केलंत? तर म्हणाला, "खोकणाऱ्याला घालून काय उपयोग?" अगदी सहज. मूठभर शेंगदाणे तोंडात टाकत.  मग दोन भाकऱ्या फडक्यात बांधून मी गल्लीच्या टोकापर्यंत धावत गेले. दादा नाही दिसले.

पुढे शेठला हाव सुटली. त्याने फर्मान काढलं, एका माणसाने सहाच्या जागी आठ माग सांभाळायचे. पगार तोच. बाकीच्या कारखान्यांत आरडाओरडा झाला असता, इथे झाला नाही, कारण सांगायला हिलाल गेला. एकेकाच्या खांद्यावर हात ठेवून. "भाऊ, तुला मी शिकवलं ना? मग माझ्यासाठी थोडं कर." शिकवलेला माणूस काय बोलणार? माना खाली घालून आठ माग पळवायला लागले. लोटूसुद्धा! ज्याला सहा सांभाळताना फेस यायचा त्याला आठ दिले.

एका दुपारी लोटू चौथ्या मागावर वाकून धागा जोडत होता आणि पाठीमागच्या मागाचा धोटा निसटून उडाला. तो वळला, आणि सरळ डोळ्यात. आडवा धागा नेणारा लाकडाचा धोटा, टोकाला लोखंड. उजवा डोळा गेला.

हिलालने रिक्षा केली, त्याला मांडीवर घेऊन दवाखान्यात नेलं, रात्रंदिवस बसला. गल्ली म्हणाली, याला म्हणतात माणूस. मीही म्हटलं, चला, आत कुठे तरी जुना हिलाल शिल्लक आहे. चार दिवसांनी मी पेज घेऊन दवाखान्यात गेले. लोटूला चमच्याने भरवत होते. त्याच्या डोक्याला पट्टी, एकच डोळा उघडा. नर्स लांब गेलेली बघून तो हळूच मला म्हणाला, "मामी, मी जिन्यावरतीन पडनू ना?"

मला आधी कळेचना. म्हटलं, "काय म्हणतोस?"

"मामाने तसं सांगेल शे. मी खोलीना जिन्यावरतीन पडनू, खिळा लागना. डॉक्टर परत इचारतीन म्हणे. बरोबर शे ना मामी? पडनू ना मी?"

शाळेतलं पोर धडा म्हणून दाखवतं तसं विचारत होता. मामाने सांगितलं म्हणजे काही तरी बरोबरच असणार, फक्त आपल्या तोंडून चुकायला नको, एवढीच त्याला काळजी. मामाच्या घरी जेवला होता ना तो.  तिथेच, त्या दवाखान्याच्या फरशीवर थुंकावंसं वाटलं. मी म्हटलं, "तू मागावर होतास, लोटू. तुला धोटा लागला." 

वाल्मिकला हे मी सांगितलं. कुणी लावून दिलं म्हणो, आग लावली म्हणो, मी सांगितलं. तळपायाची आग मस्तकात गेली त्याच्या. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी माग बंद केले. मागणं दोनच: लोटूला कारखान्यात लागलं असं शेठने कबूल करायचं आणि त्याचा सगळा इलाज करायचा, आणि आठाचे परत सहा माग. बस. शेठने हिलालला बोलावून सांगितलं, सोमवारी माग चालू झाले तर पलसाण्याच्या नव्या कारखान्याचा मॅनेजर तू. नाही झाले तर मुकादमी पण विसर.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. शनिवारी हिलाल टेम्पो घेऊन आला. गव्हाच्या पिठाचं पोतं, तुपाचे डबे, तुरीची डाळ, टोपलीभर वांगी. म्हणाला, "उद्या दुपारी पंगत घालू. लोटू घरी आलाय, जिवावरचं डोळ्यावर गेलं. पोरं पण रागात आहेत, जरा एकत्र बसतील." मी मूर्ख! मला बरं वाटलं. म्हटलं, लाज वाटली असेल माणसाला, तोंडाने बोलता येत नाही म्हणून जेवण घालतोय. रविवारी पहाटे उठले, शेजारच्या दोन बायका हाताशी घेतल्या, वरण-बट्टीचा घाट घातला. गल्लीतच गोवऱ्या पेटवून बट्ट्या भाजल्या. वांग्याची भाजी घोटली. घामाने निथळत होते पण तोंडाने ओवी चालू होती.

पानं मांडायला घेतली तेव्हा सहज विचारलं, "एवढं तूप? कुठून आणलंत हो?"

"शेठने पाठवलं. सगळं त्यानेच." तो आरशात बघून भांग पाडत होता. "उद्या बघ, पहिल्या पाळीला सगळे माग चालू. माझ्या घरचं अन्न खाऊन वाल्मिक मला नाही म्हणेल? छाती आहे का त्याची?"

मी डाव खाली ठेवला. "आणि लोटूचा डोळा?"

"डोळा काय परत येणार आहे का? पलसाणा मिळतंय, धुरपदा. पलसाणा! मॅनेजर! शीतलला इंग्लिश शाळेत घालू, पक्कं घर घेऊ." कंगवा खिशात ठेवला आणि माझ्याकडे वळून हसला. "एवढी वर्षं मी काय फुकट खाऊ घातलं होय यांना?"

असं बोलला. माझ्या तोंडावर, माझ्या चुलीपुढे. आणि हसत होता!

 इतकी वर्षं मी त्याला भोळसट म्हणून शिव्या दिल्या, घर लुटवतो म्हणून कपाळ बडवलं, पण पोटातून अभिमान होता. आपल्या भाकरीवर परक्याची पोरं उभी राहिली, हा माझा अभिमान. आणि हा म्हणतो फुकट नव्हतं. कदाचित तेव्हा त्याच्या मनात तसं नसेलही. नव्हतंच, मला माहीत आहे. पण आज त्याला फायदा दिसला आणि त्याने मागचं सगळं, लोटूच्या कपाळावरच्या पट्ट्यांसकट, त्या फायद्यात ओढून घेतलं. तूप बघवेना मला. त्या वासाची शिसारी आली. संडासापाशी जाऊन खरोखर ओकून आले.

तोवर माणसं आली होती. गल्लीत दोन रांगा बसल्या. मी सांगणार कुणाला आणि काय? बायका वाढत सुटल्या होत्या. बट्टी, वरण, वर तुपाची धार. हिलाल रांगांच्या मधून फिरत होता, कुणाच्या पाठीवर हात, कुणाच्या पानात अजून एक बट्टी. मग मधोमध उभा राहिला.

"पोरांनो, मी तुमच्याकडे आजवर काही मागितलं का? तुम्हीच सांगा. काम शिकवलं, जेवू घातलं, प्लेगमध्ये सोडून गेलो नाही. आज पहिल्यांदा मागतोय. उद्या पहिल्या पाळीला या. मामाचा शब्द राखा. लोटूचं मी बघतो. चला, घ्या, सुरुवात करा."

कुणी पानाला हात लावला नाही. सगळे वाल्मिककडे बघत होते. रांगेच्या टोकाला एकटा लोटू, त्याने बट्टी आधीच कुस्करली होती. बाकीचे थांबलेत हे त्याला पट्टीच्या बाजूने दिसलं नसावं. मग मान वळवून बघितलं आणि तोही थांबला. बोटांवरून वरण ओघळत होतं.

वाल्मिक मामाकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता.

"मामी, हाई जेवण तुनं शे का शेठनं शे?"

आमच्यात ज्याच्या घरी जेवलो त्याच्याविरुद्ध उभं राहता येत नाही. खाल्ल्या मिठाला जागायचं, हे आईच्या दुधाबरोबर शिकवलेलं. पोरं म्हणूनच थांबली होती. आणि घरातलं अन्न बाईचं, हेही ठरलेलं. मी माझं म्हटलं की ती जेवणार, जेवली की उद्या कामावर जाणार, आठ माग चालवणार, लोटू जन्मभर जिन्यावरून पडलेला राहणार. मी शेठचं म्हटलं की पलसाणा गेलं, मुकादमी गेली, शीतलची शाळा गेली. हिलाल पोरांच्या डोक्यावरून माझ्याकडे बघत होता. डोळ्यांनी विनवत होता हो. कधी नव्हे ते.

क्षणभर, खरंच क्षणभर, मला पक्कं घर दिसलं. नळ घरात असलेलं.

मग म्हटलं, "पीठ शेठचं, डाळ शेठची, तूप शेठचं. हात तेवढे माझे लागले, ते मी धुऊन टाकते. उठा."

"धुरपदा!" हिलाल ओरडला.

"ओरडू नका. उठा रे सगळे. लोटू, ऊठ बाळा, हात धू."

रांगाच्या रांगा उठल्या. भरल्या पानावरून उठलेली माणसं मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली. वाल्मिक माझ्याजवळ आला, म्हणाला, "मग तुनं काय शे घरमा, ते आन. तुना दारमाईन उपाशी नही जावाव आम्ही."

घरात काय असणार? आदल्या रात्रीच्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकऱ्या होत्या, गार झालेल्या, आणि वाटीत ठेचा. तेच आणलं. म्हटलं, ही माझी. साड्यांना टिकल्या चिकटवून मिळवलेल्या पैशाच्या पिठाची. हिच्यावर कुणाचं काही नाही आणि तुमच्यावरही हिचं काही नाही. पोरांनी तुकडे केले. नखाएवढा तुकडा आला एकेकाच्या वाट्याला. लोटूने ठेचा जास्त मागितला. सगळे उभ्याउभ्या खाऊन, पाणी पिऊन निघून गेले.

गल्लीत पानं पसरलेली. माश्या यायला लागल्या. हिलाल एका पानासमोर बसला, कुणाचं होतं कुणास ठाऊक, आणि त्याने बट्टी कुस्करून खायला सुरुवात केली. तूप कोपरापर्यंत आलं तरी खात होता. मी दार लावून घेतलं.

सोमवारी माग बंदच राहिले. मंगळवारी, बुधवारीही. शेवटी शेठचा माल अडकला, व्यापारी पर्वत पाटियाच्या कापडबाजारातून येऊन त्याच्या उरावर बसले, तेव्हा तो वाकला. सहा माग कबूल केले. लोटूला कारखान्यातच लागलं असं मान्य केलं, त्याचा इलाज केला, त्याला बसून दोऱ्याच्या कांड्या भरायचं काम दिलं. डोळा काही आला नाही.

मी मनाची तयारी केली होती. हिलाल आता घरी बसणार, माझ्या तोंडात शेण घालणार, कदाचित गावी परत जावं लागणार. चालेल म्हटलं. आठवडाभर तो माझ्याशी बोलला नाही. मग एका संध्याकाळी दारातूनच हाका मारत आला. हातात घारीचा, त्या तुपाळ सुरती मिठाईचा डबा, चेहरा फुललेला. मी चहाला आधण ठेवत होते.

"झालं! पलसाण्याचा मॅनेजर झालो!"

मी म्हटलं, "कसं काय? माग तर बंद राहिले."

"शेठ म्हणाला, हिलाल, तुझ्या बायकोच्या शिळ्या भाकरीच्या तुकड्यासाठी पोरांनी माझी तुपाची बट्टी सोडली. असं घर मला पैसे ओतून मिळणार नाही. ते घर मला पलसाण्याला पाहिजे." डबा उघडून त्याने घारीचा तुकडा माझ्या तोंडापुढे धरला. "तिथे नवी माणसं येतील, उडिया, विदर्भवाले, कुठकुठले. त्यांची खानावळ तू चालवायचीस. सामान शेठचं, हात तुझे. पगार वेगळा. धुरपदा, मी उगाच रागावलो तुझ्यावर. त्या दिवशी काय डोकं चालवलंस गं!"

घारीचं तूप त्याच्या बोटांवरून माझ्या हनुवटीला लागलं. मी ते पदराने पुसलं. त्याला खरंच वाटत होतं की मी डोकं चालवलं. ती भाकरीसुद्धा मी हिशोबाने दिली असं त्याला वाटत होतं, आणि म्हणून आज इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो माझ्याकडे कौतुकाने बघत होता.

"शेठला सांगा, मला स्वयंपाक येत नाही," मी म्हटलं.

तो हसायला लागला. "काय बोलतेस! अख्खं उधना तुझ्या हातचं जेवलंय."

"येत नाही म्हटलं ना."

"अगं, पण पोरं तुझ्या शब्दावर उठतात-बसतात. तेच तर पाहिजे शेठला!"

"म्हणून येत नाही," मी म्हटलं, आणि आधण उकळायच्या आत स्टोची हवा सोडून दिली.